सोनौलीची सीमा पायी ओलांडताना: नाशिकच्या एका सहल कंपनीचा अनुभव

कॉलेज रोडवरील एका सहल कंपनीबरोबर आईला घेऊन मी लुंबिनीला जाऊन आलो. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर आणि तेथून बसने नेपाळच्या सीमेवरील सोनौली, हा प्रवास लांबचा असला तरी जेवणखाण व मुक्काम व्यवस्थित होते.

सहलीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सीमा पायी ओलांडणे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे सामानाने लादलेल्या सायकलरिक्षा आणि बाजारहाट करून परतणाऱ्या बायका यांच्या गर्दीतून आम्हीही चालत कमानीखालून पलीकडच्या बेलहियात पोहोचलो. आईने तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहून मनगटावरील घड्याळ 15 मिनिटे पुढे केले, आणि परदेशात आल्याची खूण तिला त्या काट्यांतच पटली.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. कार्यालयात आम्हाला केवळ आधार कार्ड पुरेल असे सांगण्यात आले होते. वास्तविक 65 वर्षांपर्यंतच्या भारतीय प्रौढांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हीच ग्राह्य कागदपत्रे आहेत. मी मतदार ओळखपत्रे सोबत घेतली होती म्हणून निभावले, परंतु आमच्यातील एका जोडप्याला बराच वेळ खोळंबून राहावे लागले, हे मला फार लागले.

भारतीय 100 रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात, हेही आधी सांगायला हवे होते. व्यवस्थापक मात्र शेवटपर्यंत वयस्कर मंडळींच्या पावलाने चालला.