थरथर विकली जाते फोर्स फीडबॅकच्या नावाने

जाहिरातीत फोटो झकास असतो. खाली एकच ओळ: ‘फोर्स फीडबॅक जॉयस्टिक, चालू स्थितीत, डीसीएससाठी उत्तम.’ डीसीएस म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा खेळ, आणि फोर्स फीडबॅक म्हणजे विमानाच्या स्टिकवर येणारा जोर मोटरने हाताला जाणवून देणं. साध्या स्टिकच्या कितीतरी पट पैसे मोजले जातात, खोकं घरी येतं, यूएसबी लागते, बटणं चालतात, विमानही उडतं. मग खेळातलं स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान सूर मारत खाली झेपावतं, वेग वाढत जातो, आणि स्टिक मात्र धावपट्टीवर होती तेवढीच हलकी राहते. तोफा झाडल्या की मुठीत जरा गुरगुर होते, तेवढीच. घेणारा पंधरा दिवस सेटिंग्ज उलटसुलट करत बसतो. फसवणूक झाली आहे हे कळेपर्यंत विक्रेत्याचा नंबर बंद झालेला असतो.

ही फसवणूक पुन्हा पुन्हा होते, कारण खरा माल दुर्मिळ आहे. मायक्रोसॉफ्टने साइडवाइंडर जॉयस्टिक बनवणं २००३ मध्ये थांबवलं. त्यातली ‘फोर्स फीडबॅक २’ आजही लोक जपून वापरतात. व्हीपीफोर्स ऱ्हायनो, मोझा एबी९ किंवा ब्रुनर यांचे नवे बेस, म्हणजे मूठ ज्यावर बसते ते मोटरचे तळ, उत्तम असले तरी महाग आहेत. त्यामुळे जुन्या स्टिकला भाव आहे, आणि जिथे भाव आहे तिथे तोतया माल येतोच.

फरक नीट समजून घ्यायला हवा. कंपनाच्या स्टिकमध्ये मुठीत किंवा तळात एक छोटी मोटर असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन. ती फिरली की थरथर होते, पण स्टिकला कुठल्याही दिशेला ढकलण्याची ताकद तिच्यात नसते. खऱ्या फोर्स फीडबॅकमध्ये दोन्ही अक्षांना वेगवेगळ्या मोटर जोडलेल्या असतात आणि हाताला जाणवणारा सगळा जोर त्याच निर्माण करतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत स्टिक तारा आणि दांड्यांनी थेट पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या पृष्ठांना जोडलेली असे, आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी २०० किलोमीटरवरून ४०० वर गेलात की तोच पृष्ठभाग तेवढाच वळवायला साधारण चौपट जोर लागतो. मेसरश्मिट १०९ किंवा झिरो वेगात जड होत, याचं कारण हेच. थरथरणाऱ्या मोटरला हे कधीच दाखवता येणार नाही, मग सॉफ्टवेअर कितीही बदला.

म्हणून पहिली चाचणी अगदी सोपी आहे, आणि बहुतेक खोटा माल तिथेच पकडला जातो. वीज काढा आणि स्टिक हातातून सोडा. खऱ्या फोर्स फीडबॅक स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग नसते. वीज नसली की ती मान टाकते, एका बाजूला लुळी पडते. वीज नसतानाही ताठ उभी राहिली तर आत स्प्रिंग आहे. मग तो मुळातच साधा माल असेल, किंवा मोटर जळल्यावर कोणीतरी केलेली जुगाड दुरुस्ती. विक्रेते व्हिडिओत नेमकं उलटं दाखवतात. स्टिक ओढून सोडतात, ती टणकन मध्यावर येते, आणि म्हणतात, ‘बघा फोर्स.’ ती स्प्रिंग असते. थ्रस्टमास्टरच्या वॉर्टहॉगची स्प्रिंग चांगलीच कडक आहे. अतिशय सुंदर स्टिक, पण तिच्यात जोर देणारी मोटर नाही, आणि कंपनीनेही तसा दावा कधी केलेला नाही. ‘एफ-१६ सारखा खरा फोर्स फीडबॅक’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. एफ-१६ ची स्टिक जेमतेम हलते आणि हाताचा दाब मोजते. हवेचा जोर तिच्यातून वैमानिकाच्या हातापर्यंत येतच नाही.

सारख्या दिसणाऱ्या जोड्याही लक्षात ठेवा. लॉजिटेकची ‘एक्स्ट्रीम ३डी प्रो’ सहज मिळते आणि तिच्यात फोर्स नाही. ‘फोर्स ३डी प्रो’ मध्ये आहे, आणि तिला वेगळा अडॅप्टर लागतो. साइडवाइंडरची ‘प्रिसिजन २’ फोर्सविना, ‘फोर्स फीडबॅक २’ फोर्ससकट. फोटोवर विसंबू नका, ओळख क्रमांक मागा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, स्टिकच्या नोंदीवर प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. फोर्स फीडबॅक २ असेल तर व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०४५ई आणि पीआयडी (मॉडेलचा क्रमांक) ००१बी दिसेल. फोर्स ३डी प्रो ०४६डी आणि सी२८६, एक्स्ट्रीम ३डी प्रो ०४६डी आणि सी२१५. स्टिकर बदलता येतं. हा क्रमांक स्टिकच्या आतल्या चिपमधून येतो, त्यात फेरफार करण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.

साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो १९९७ ची, पंधरा पिनांच्या गेमपोर्टची, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या जॉयस्टिक जोडणीची. तिच्यासोबत ‘यूएसबी कन्व्हर्टर फ्री’ मिळत असेल तर सावध व्हा. या स्टिकचा फोर्सचा संदेश गेमपोर्टमधल्या मिडीच्या (मुळात संगीताच्या उपकरणांसाठीच्या) पिनांवरून जातो, आणि बाजारातले स्वस्त कन्व्हर्टर त्या पिनांना हातही लावत नाहीत. टीन्सी २.० सारख्या मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपवर) हौशी लोकांनी बनवलेलं अडॅप्टर असेल, तरच ती आजच्या संगणकावर जोर देते.

प्रत्यक्ष भेटून घेत असाल तर लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या संगणक प्रणालीचा) पेनड्राइव्ह सोबत न्या. ‘जॉयस्टिक’ नावाच्या पॅकेजमधलं एफएफटेस्ट चालवलं की स्टिक कोणकोणते इफेक्ट करू शकते त्याची यादी येते. त्यात ‘कॉन्स्टंट’, म्हणजे एकाच दिशेने सतत ओढणारा जोर, हवाच. फक्त ‘पिरिऑडिक’ (लयीत होणारा) आणि ‘रंबल’ (कंपन) असेल तर ती थरथरच आहे, कारण लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) कंपनाच्या मोटरलाही पिरिऑडिक म्हणून दाखवतो. कॉन्स्टंट फोर्स चालवला की स्टिक एका बाजूला ओढली गेली पाहिजे, तीही दोन्ही अक्षांवर.

लांबून घेत असाल तर विक्रेत्याकडून असा व्हिडिओ मागा: डीसीएसमधलं ह्यूई हेलिकॉप्टर, स्टिक पुढे झुकवलेली, फोर्स ट्रिम (स्टिक आहे त्या जागी धरून ठेवायला सांगणारं बटण) दाबून सोडलेलं. स्टिक झुकलेल्या जागीच थांबली पाहिजे. स्प्रिंगची स्टिक मध्यावर परत येते. यात एक खाच आहे. फोर्स फीडबॅक २ च्या मुठीत हात ओळखणारा ऑप्टिकल सेन्सर असतो, त्यामुळे हात पूर्ण काढला की मोटर सैल पडते. म्हणून चाचणीत मूठ हलकी धरलेली ठेवायला सांगा, किंवा सेन्सरवर टेप लावायला.

माल आल्यावर तक्रार केली की ठरलेली उत्तरं येतात. ‘ड्रायव्हर टाका.’ फोर्स फीडबॅक २ ला विंडोज १० आणि ११ वर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ‘गेमची सेटिंग बघा.’ हे मात्र एकदा खरंच बघा: डीसीएसच्या ऑप्शन्समध्ये ‘मिसलेनियस’ पानावर फोर्स फीडबॅकची खूण हवी, आणि कंट्रोल्सच्या पानावर तळाशी असलेल्या ‘एफएफ ट्यून’ मध्ये ट्रिम आणि शेक शून्यावर नकोत. स्टिक पुढे ढकलली आणि जोर आडवा आला तर तिथेच ‘स्वॅप अ‍ॅक्सिस’ करा. ती फसवणूक नव्हे. तिसरं उत्तर, ‘विजेची तार हरवली आहे, कुठलीही चालेल.’ तार नसेल तर सौदा सोडा, कारण विजेविना मोटरची परीक्षाच होत नाही. अमेरिकेतून आलेल्या स्टिकच्या तळाची पट्टीही वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ती थेट लावायची नाही, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

आणि दोन मिनिटांचा डेमो पुरे म्हणू नका. थकलेल्या मोटर तापल्यावर जोर सोडतात. वीस मिनिटं सतत चालवून तळाला हात लावून बघा, वास घ्या.

पैशांच्या बाबतीत, आगाऊ रक्कम मागणाऱ्याला नकार द्या. ‘हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, टोकन परत मिळेल’ असं सांगितलं तर तो सरळसरळ चोर आहे. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. खोकं उघडताना अखंड व्हिडिओ काढा, त्यात पार्सलचं लेबल आणि पाठोपाठ हार्डवेअर आयडीचा स्क्रीन दिसू द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता तेवढ्यातच असते. दुकानाने खोटं वर्णन करून विकलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि तो आयडीचा व्हिडिओ एकत्र द्या. जाहिरात विक्रेता काढून टाकतो, म्हणून स्क्रीनशॉट सौदा ठरण्याआधीच घेऊन ठेवलेला असावा.