पीएस५ पिक्चर बघायला कसा आहे? दिवाळीपासूनचा अनुभव

मागच्या दिवाळीत डिस्कवाला पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल, प्लेस्टेशन ५) घेतला, तेव्हापासून त्यावर गेम कमी आणि पिक्चरच जास्त चाललेत. म्हणून हा रिव्ह्यू गेमचा नाहीये, ४के ब्लू-रे (साध्या ब्लू-रेपेक्षा जास्त बारकाव्याचं चित्र असलेली पिक्चरची डिस्क) प्लेयर म्हणून तो कसा वाटला त्याचा आहे. आणि ज्यांच्याकडे आधीचा पीएस४ प्रो आहे आणि जे "येईल एखादा अपडेट, मग ४के डिस्क पण चालेल" म्हणून थांबलेत त्यांनी तर वाचाच, माझा एक मित्र अजून त्याच आशेवर आहे.

तर आधी तेच. प्रोवर ४के डिस्क चालणार नाही, कितीही अपडेट टाका. २०१६ला तो आला तेव्हापासून आत साधा ब्लू-रे ड्राइव्ह आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन एसमध्ये मात्र ४के ड्राइव्ह होता आणि तो सुरू व्हायचा २९९ डॉलरला, प्रो ३९९ला, त्यामुळे तेव्हा लोक जाम वैतागलेले. प्रो गेम ४केमध्ये दाखवतो, नेटफ्लिक्स ४केमध्ये चालतं, म्हणजे डोकं आहे, डोळे नाहीत. साध्या ब्लू-रेमध्ये जास्तीत जास्त दोन थर, एका थरात २५ जीबी. ४केवाल्या डिस्कमध्ये थराला ३३ जीबीपर्यंत भरतात आणि तीन थर असले की डिस्क १०० जीबीवर जाते, लेझर तोच निळा पण खुणा दाट, वर कॉपी प्रोटेक्शनही वेगळं, एएसीएस २. हे सगळं वाचायला ड्राइव्हच तसा लागतो, तो इंटरनेटवरून कसा येणार?

लोकांना आशा का वाटते ते मात्र कळतं. पीएस३ला २००७च्या अपडेटने डीव्हीडी अपस्केल व्हायला (चित्र जास्त रिझोल्यूशनला वाढवून दिसायला) लागल्या, २०१०ला थ्रीडी ब्लू-रे पण आलं, आणि पीएस४ला तर पहिल्याच दिवशी अपडेट टाकल्याशिवाय डिस्कवर पिक्चरच लागत नव्हता. पण नीट बघा, तिन्ही वेळेला ड्राइव्ह डिस्क वाचू शकत होता, पुढचं काम फक्त सॉफ्टवेअरचं होतं. पीएस५ला पण सप्टेंबर २०२२मध्ये १४४०पी (फुल एचडी आणि ४केच्या मधलं रिझोल्यूशन) आउटपुट अपडेटनेच आलं, ते मॉनिटरवाल्यांच्या कामाचं, डिस्कला त्याचा काही उपयोग नाही.

आता पीएस५. चित्र खरंच भारी, अंधारातले सीन स्ट्रीमिंगवर जसे चौकोन चौकोन होऊन फाटतात तसं इथे होत नाही कारण डिस्कवरून डेटाच कितीतरी जास्त येतो. जुन्या डीव्हीडी पण बघण्यासारख्या दिसतात, चमत्काराची अपेक्षा नको. आवाजासाठी एक करा, पिक्चर चालू असताना ऑप्शन्स बटण दाबून सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट बिटस्ट्रीम (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) करा, नाहीतर रिसीव्हरवर (स्पीकर चालवणारा डबा) डॉल्बीचा चहूबाजूंचा आवाज म्हणजे अ‍ॅटमॉस दिसणारच नाही आणि तुम्ही उगाच वायरी तपासत बसाल. रिमोट नसला तरी चालतं, एचडीएमआय डिव्हाइस लिंक चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटवर पॉज वगैरे होतं, आईला पण जमलं.

खटकतं ते डॉल्बी व्हिजनचं (एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणाऱ्या चित्राचा, वरचा प्रकार). डिस्कवर असलं तरी पीएस५ साधं एचडीआर१०च दाखवतो. एक्सबॉक्स सिरीज एक्सवाल्यांनी हसू नये, डिस्कच्या बाबतीत त्यांचंही तेच आहे. इथे मी अपडेटची वाट बघायला तयार आहे, पण अजून तरी नाव नाही. थ्रीडी ब्लू-रे नाही आणि ऑडिओ सीडी पण चालत नाही, म्हणजे बाबांच्या नाट्यसंगीताच्या सीडी जुन्या प्लेयरवरच.

डिस्क आणायच्या कुठून हा खरा प्रश्न. मराठी पिक्चरची ४के डिस्क मला तरी अजून दिसलेली नाही, आणि दुकानात हॉलिवूडच्या पण क्वचितच. पण ४के डिस्कला रीजनची (कुठल्या भागातली डिस्क कुठल्या प्लेयरवर चालेल याची) भानगडच नाही, त्यामुळे न्यू जर्सीहून येताना चुलतभावाने आणलेल्या डिस्क थेट लागल्या. त्याच पाकिटात साधी ब्लू-रे पण येते, ती चालेलच असं धरू नका कारण अमेरिका रीजन ए आणि आपण सी. डीव्हीडीचं पण तसंच, आपला रीजन ५, त्यांचा १.

घेताना मॉडेल नीट बघा. २०२०चं डिजिटल एडिशन घेतलं तर ड्राइव्ह नंतर लावताच येत नाही, २०२३च्या स्लिमला आणि नंतरच्या पीएस५ प्रोला वेगळा विकत घेऊन बसवता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना नेट लागतं. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये ड्राइव्हच नाही. आणि सगळं बरोबर असूनही एचडीआर दिसत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचा एन्हान्स्ड मोड चालू आहे का बघा, बऱ्याच टीव्हींवर तो बंदच असतो.