डॉइचलँड-टिकेट: काही महिने वापरल्यानंतर

जर्मनीत रोज रेल्वेने कामाला किंवा युनिव्हर्सिटीत जायचं असेल, तर डॉइचलँड-टिकेट या पासला तोड नाही. देश स्वस्तात पालथा घालायला म्हणून घेत असाल, तर आधी वेळेचा हिशेब मांडा.

मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालेला हा महिन्याचा पास २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. त्यात देशभरातल्या आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान (उपनगरी रेल्वे), यू-बान (मेट्रो), ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या आणि फ्लिक्सट्रेन ही खाजगी कंपनीची गाडी चालत नाहीत. म्युनिक ते न्यूरेंबर्गला आयसीई साधारण सव्वा तास घेते, आरई पावणेदोन. इथे पास वसूल. म्युनिक ते बर्लिन मात्र आयसीईने चार-साडेचार तास, आणि पासवर गाड्या बदलत नऊ-दहा तास. त्यासाठी आधीच सवलतीचं आयसीई तिकीट काढलेलं बरं.

जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये शोधताना फक्त डॉइचलँड-टिकेटच्या गाड्या दाखवणारा पर्याय चालू करा, नाहीतर यादीत आयसीई येतात. पाच-सहा मिनिटांचं कनेक्शन धरू नका. मागून आयसीई येत असली की लोकल गाडीला बाजूला थांबवतात, आणि तेवढ्यातच पुढची गाडी निघून जाते. शेवटच्या गाडीला तर हा धोका घेऊच नका.

काही गाड्यांचे वाटेत दोन भाग होतात, हे नवख्यांना माहीत नसतं. म्युनिकहून टेगर्नझे या तळ्याकाठच्या गावाकडे जाणाऱ्या बीआरबी या प्रादेशिक रेल्वे कंपनीच्या गाडीचे डबे होल्त्सकिर्शेनला वेगळे होतात: एक भाग बायरिशझेलला जातो, उरलेला शाफ्टलाखला पुन्हा दुभंगून टेगर्नझे आणि लेंगग्रीसला. गाडी तीच, फलाट तोच, पण डबा चुकला की तळं सोडून डोंगरात पोचाल. चढण्याआधी त्या डब्यावरचा बोर्ड वाचा. फलाटावरच्या ए, बी, सी अक्षरांवरूनही आपला भाग कुठे लागेल ते कळतं.

उशिराच्या भरपाईची मजाच आहे. मुक्कामी ६० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर दीड युरो मिळतो, पण चार युरोंखाली पैसे देत नाहीत. म्हणजे असे निदान तीन उशीर साठवून अर्ज करायचा. उशीर झाला म्हणून फुकट आयसीई धरता येत नाही. त्याचं तिकीट काढावं लागतं आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत.

पास म्हणजे सबस्क्रिप्शन आहे, आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवा. ११ला कळवलंत तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. पुण्याहून आई-बाबा महिनाभरासाठी येणार असतील तर पास १ तारखेपासून घ्या (मधूनच घेतला तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण महिन्याचे पैसे लागतात) आणि घेतल्याबरोबर रद्द करून टाका. महिनाअखेरपर्यंत तो चालतो. पासवर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा फोनची बॅटरी सांभाळा. सहा वर्षांखालची मुलं फुकट, त्यावरच्यांना वेगळं तिकीट. सायकलचंही वेगळंच.

चार-पाच जणांना बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात, म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे) एकच दिवस भटकायचं असेल, तर बायर्न-टिकेट हे एका दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं. ते पाच जणांपर्यंत एकत्र चालतं, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी नाही.