फिक्सी घेताय? मागची रिंग कोणत्या बाजूला सुटते ते आधी बघा

वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर मी २१ वर्षं दिवाणजी आहे. दिवसभर काटा आणि पावती. हमालाने गोणी उचलली की त्याच्या मानेकडे बघून वजन सांगतो, किलोभर इकडेतिकडे. असा माणूस साडेचौदा हजार रुपये मोजून सायकल घेतो आणि ती काट्यावर ठेवत नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे वाचताना ‘एवढंही कळू नये?’ असं तुम्हाला वाटेल, ते मला वाटून झालंय.

आमचे चिरंजीव अकरावीला आहेत. दिवाळीच्या आधीपासून घरात एकच विषय होता, फिक्सी. ज्यांच्या घरात हे वारं अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या साध्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी टिकटिक करत चाक पळत राहतं. फिक्सीला फ्रीव्हीलच नाही. मागची दातेरी चकती, पोरं तिला कॉग म्हणतात, थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आवळलेली. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, पाय थांबवायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायानेच पॅडल अडवायचं. जोरात अडवलं की मागचं चाक जाम होऊन घासत जातं, ती स्किड. रविवारी पहाटे पाम बीच रोडला गेलात तर दहा-बारा पोरांचं टोळकं हेच करताना दिसेल. एक स्किड मारतो, दुसरा मोबाइल धरून शूट करतो. ब्रेक बहुतेकांनी काढलेले, कारण ब्रेक असला की म्हणे लूक जातो.

पोराचा अभ्यास मात्र दांडगा, हे मान्य करायला हवं. पुढे ४८ दाते आणि मागे १६ असतील तर स्किड मारताना टायर दरवेळी एकाच जागी घासतो आणि तिथेच भोक पडतं. ४६ आणि १६ ची जोडी असेल तर तीच झीज आठ जागी वाटली जाते. हे त्याने मला जेवताना पोळीवर बोट फिरवून समजावलं. रसायनशास्त्रात असं डोकं चालत नाही.

नवीन सायकल आमच्या आवाक्यातली नव्हती. मग त्यानेच इन्स्टावर एक पान शोधलं. ‘जपानी ट्रॅक फ्रेम, क्रोमोली, ओरिजिनल ट्रॅक हब, वजन ९ किलो, किंमत १६,०००.’ ट्रॅक म्हणजे शर्यतीच्या गोल धावपट्टीवरची सायकल, आणि क्रोमोली म्हणजे भारीतलं मजबूत पोलाद. पानाचं नाव मी इथे देत नाही, तक्रार चालू आहे. शिवाय असली पानं आठवड्याला नाव बदलतात, ते आम्ही नंतर शिकलो. “आज आणखी दोघं बघायला येणार आहेत, दोन हजार टाकून ठेवा,” असा निरोप आला. टाकले. यूपीआयवर नाव तिसऱ्याच माणसाचं दिसलं. विचारलं तर म्हणाला, पार्टनर आहे.

संध्याकाळी सात-साडेसातला रबाळे एमआयडीसीच्या बाजूला एका गाळ्यात गेलो. बोर्ड नाही. एकच ट्यूबलाइट, तीही लुकलुकणारी. विकणारा पंचवीस-सव्वीसचा, बोलायला इतका गोड की बसायला स्टूल पुसून दिलं. मीही जरा तोऱ्यातच होतो. लहानपणी पाटणला मे महिन्याच्या सुट्टीत सायकलच्या दुकानात पंक्चर काढलेत, चाकाचा आऊट काढलाय. त्यामुळे सायकल आपल्याला कळते, असा समज. त्याने तो पाच मिनिटांत ओळखला.

“काका, तुम्ही जाणकार दिसता, तुम्हीच तपासा,” म्हणाला आणि खिशातून लोहचुंबक काढलं. फ्रेमला टकदिशी चिकटलं. “बघा, अ‍ॅल्युमिनियम नाही, अस्सल क्रोमोली.” मी मान डोलावली. अहो, क्रोमोली हे पोलादच. पण चुंबक भंगारातल्या पोलादालाही तसंच चिकटतं, पत्र्याच्या डब्यालाही चिकटतं. चुंबकाने फक्त अ‍ॅल्युमिनियम नाही एवढंच कळतं, आणि अ‍ॅल्युमिनियम आहे असं कुणी म्हणतच नव्हतं. त्याने मला एका प्रश्नाचं खरं उत्तर दाखवलं आणि दुसऱ्या प्रश्नाची सही घेतली.

मग मागचं चाक उचलून पॅडल उलटं फिरवलं. चाक उलटं फिरलं. “फिक्स आहे की नाही?” आहे. नळीवर ‘एनजेएस’ असं स्टिकर होतं. जपानमध्ये १९४८ पासून केइरिन नावाच्या सायकल शर्यती चालतात, लोक त्यांवर पैसे लावतात, आणि त्या शर्यतीला मान्य असलेल्या भागांवर ही अक्षरं असतात. हे सगळं खरं आहे. फक्त खरा शिक्का धातूत ठोकलेला असतो. आमचं स्टिकर नंतर नखाने निघालं.

“ब्रेक?” हे मी विचारलं होतं, एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो.

“ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो काका. ऑलिंपिकमध्ये बघा ना.”

हेही खरंच. पण वेलोड्रोममध्ये, म्हणजे त्या शर्यतीच्या गोल ट्रॅकवर, सगळे एकाच दिशेने जातात, मध्ये कुत्रं येत नाही, राँग साइडने स्कूटर येत नाही. आणि ज्या जपानचं नाव घेऊन तो विकत होता, त्या जपानमध्ये हीच सायकल रस्त्यावर आणायची तर कायद्याने पुढे-मागे ब्रेक लावावे लागतात. दक्षिण कोरियात २०२५ मध्ये पोरांमध्ये या ब्रेक नसलेल्या सायकलींचं एवढं वेड पसरलं की पोलिसांना कारवाई करावी लागली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पोराचा चेहरा बघून मी घासाघीस केली, सोळाचे साडेचौदा केले आणि वर त्याचाच आनंद मानला. उरलेले साडेबारा हजार रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, “काका, सेकंडहँडला कसलं बिल?” मार्केटात मी पावतीशिवाय कोथिंबिरीची जुडी हलू देत नाही.

सतरा दिवस सायकल चालली.

अठराव्या दिवशी, रविवारी, पोरं बेलापूरच्या पारसिक हिलवर चढली. उतरताना हा मधे होता. ४६–१६ च्या जोडीत पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सहा मीटर जाते. म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या वेगाला पाय मिनिटाला शंभर वेळा फिरणार, तुम्हाला हवं असो वा नसो. वेग वाढला तसं त्याने पाय अडवायला सुरुवात केली. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा, त्याच्याच शब्दांत, “पप्पा, पॅडल एकदम पोकळ झालं.” पाय मागे गेले, चाक पुढेच पळत राहिलं. ब्रेक नाहीच. शहाणपण एवढंच सुचलं की वळणावर समोरून गाडी दिसताच सायकल फुटपाथकडच्या झुडपांत घातली. डावं मनगट मोडलं, हनुवटीला चार टाके. सहा आठवडे प्लास्टर. हिने त्या दिवशी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच जास्त लागलं.

सायकल मी कोपरखैरण्यातल्या आमच्या नेहमीच्या मामांकडे नेली. साताऱ्याकडचेच, फुटपाथच्या कडेला ३० वर्षं दुकान. त्यांनी मागचं चाक काढून मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “दिवाणजी, डाव्या पॅडलचे आटे कसे असतात?”

“उलटे.”

“का?”

“चालवताना सुटू नये म्हणून.”

“मग हे कसे आहेत बघा.” कॉगच्या बाहेर एक काळी रिंग होती. तिला लॉकरिंग म्हणतात. मामांनी हूक-पाना लावला आणि ती डावीकडे फिरवली, आपण कुठलाही नट सोडतो तशी. सुळकन सुटली. “सुटायला नको होती,” मामा म्हणाले. “अशी फिरवल्यावर आवळायला पाहिजे होती.”

गोष्ट अशी आहे. कॉगचे आटे सुलटे असतात, त्यामुळे पुढे पॅडल मारत गेलं की तो आपोआप घट्ट होत जातो. पण पाय अडवले की चेन त्याला उलट्या बाजूला ओढते, म्हणजे सोडवते. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, सुलट्या आट्यांची, कॉगसाठी. बाहेरची किंचित लहान, उलट्या आट्यांची, लॉकरिंगसाठी. कॉग सुटायला बघतो तेव्हा रिंग त्याच्याबरोबर फिरून आणखी आवळते आणि त्याला सोडत नाही. आमच्या हबला पायरी एकच. साध्या सायकलचा, फ्रीव्हील बसवायचा हब. त्यावर कॉग चढवलेला, बाहेरून बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पॅडलच्या एक्सलजवळ बसणारी, सुलट्या आट्यांची रिंग, आणि आट्यांत लाल डिंक. मामांनी खिळ्याने तो खरवडला तेव्हा वाळलेल्या शाईसारखे कण त्यांच्या लेंग्यावर पडले. गाळ्यात चाक उचलून उलटं फिरवलं तेव्हा डिंकाने धरलं होतं. हवेत तरंगणारं चाक फिरवायला ताकद लागतेच किती! साठ किलोचं पोर उतारावर पायाने चाक अडवतं, तिथे डिंक काय करणार?

माझ्यासारख्या अर्धवट जाणकारांनी एवढं करावं. विकणाऱ्यालाच सांगा, पाना लाव आणि लॉकरिंग सोडून दाखव. पुढे पॅडल मारताना चाक ज्या बाजूला फिरतं त्या बाजूला फिरवून सुटली, तर रिंगचे आटे उलटे, ती खरी. आपल्या नेहमीच्या नटासारखी सुटली तर तिथूनच घरी परता. तो म्हणेल, पाना नाहीये. फिक्सी विकणाऱ्याकडे लॉकरिंगचा पाना नसेल तरीही घरीच परता. आणि पुढचा ब्रेक बसवता येत नसेल अशी सायकल, हब सोन्याचा असला तरी, रस्त्यासाठी घेऊ नका. पोरगं रुसेल. रुसू दे.

दुसऱ्या दिवशी फ्रेम आणि चाकं गोणीत घालून मार्केटात नेली आणि आमच्याच काट्यावर ठेवली. चौदा किलो चारशे. हमाल हसायला लागले, मीही हसलो, दुसरं काय करणार.

खरी पंचाईत त्यापुढे. मामांनी फ्रेम उलटी केली आणि पॅडलच्या एक्सलखाली, जिथे फ्रेमचा नंबर असतो तिथे, बोट फिरवलं. रंगाखाली ग्राइंडरचे ओरखडे लागत होते. नंबर घासून काढलेला. म्हणजे फ्रेम बहुधा कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमधून आलेली. दोन दिवस मी पोलिसांकडे जावं की नाही याच विचारात होतो. आपण तक्रार करायला जायचं आणि चोरीचा माल आपल्याच घरात निघायचा! शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या एका वकील बाईंनी सांगितलं, “भाऊ, जाणूनबुजून घेतला असता तर गोष्ट वेगळी. तुम्ही स्वतःहून सांगताय, तेच तुमच्या बाजूने आहे. उशीर जितका कराल तितकं वाईट दिसेल.”

तोवर त्या पानावर आम्ही ब्लॉक झालो होतो, फोन बंद होता आणि गाळ्यात पापडाचा कारखाना सुरू झाला होता. पापडवाल्याला आधीचा भाडेकरू कोण ते ठाऊक नाही, मालक गावी. अ‍ॅडव्हान्सच्या दोन हजारांसाठी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथे पहिला प्रश्न, व्यवहार कधीचा? तीन आठवडे झाले म्हटल्यावर पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला. तासाभरात कळवलं तर पैसे वाटेत अडवायची शक्यता असते, एवढ्या दिवसांनी ते कुठल्या कुठे गेलेले असतात. तरी तक्रार नोंदवून घेतली. पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज दिला. ग्राहक आयोगाचंही विचारून आलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. पण नोटीस पाठवायला नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे एक तिसऱ्याच माणसाचं यूपीआय नाव आणि पापडाच्या कारखान्याचा पत्ता.

हातात राहिलं ते एवढंच. जाहिरातीचे स्क्रीनशॉट पोराने ब्लॉक व्हायच्या आधी काढून ठेवले होते, ते त्याचं शहाणपण. माझ्याकडून दोन हजारांची नोंद. रोख दिलेल्या साडेबारा हजारांना पुरावा म्हणून फक्त मी आणि माझा मुलगा. त्याच्या ग्रुपमधल्या आणखी दोघांनी त्याच माणसाकडून सायकली घेतल्यात, हे आता कळतंय. एकाच्या वडिलांशी बोललो. ते म्हणाले, “आमचा अजून पडलेला नाही हो.” मी त्यांना मामांचा नंबर दिला. अजून गेलेले नाहीत.

पोलिसांनी पुढच्या मंगळवारी बोलावलंय, सायकल घेऊन या म्हणालेत. फ्रेम माझ्याकडे आहे. मागचं चाक मामांकडे आहे आणि ते द्यायला ते तयार नाहीत. दुकानाबाहेर खिळ्याला टांगून ठेवलंय आणि फिक्सी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला रिंग डावीकडे फिरवून दाखवतात.