पुण्यात नळ स्टॉपजवळचं पेन क्लिनिक (जुनाट दुखण्यांवरचं), सासूबाईंना घेऊन गेले होते

सासूबाई ७१ वर्षांच्या. मागच्या दिवाळीत पाठीवर नागीण उठली, फोड सुकले पण आग काही जाईना, ब्लाउजचं कापड घासलं तरी कळवळायच्या, वारा सहन होत नाही म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. आधीच्या एका डॉक्टरांनी "वयोमानाने होतं, सोसायचं" म्हणून परत पाठवलं होतं. शेवटी जूनमध्ये इथे आलो.

डॉक्टर मॅडमनी पाऊण तास दिला. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच व्हायरस, नसांमध्ये दबून बसतो, वय झालं की उठतो आणि नसेला इजा करून जातो, म्हणून फोड गेले तरी नस दुखतच राहते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पण मी लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

झोप किती, भजनाला जाता का, असं विचारता विचारता त्या एकदम म्हणाल्या, "आजी, असं दुखणं घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का हो कधी?" मला धस्स झालं, असं तोंडावर विचारतात का! सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "रोज पहाटे येतं."

अहो, घरी त्या दिवसातून दहा वेळा "देवा, ने रे आता मला" म्हणायच्या आणि आम्ही म्हातारी माणसं बोलतातच म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचो. लिहिताना अजूनही पोटात कालवतं.

मनात काही ठरवलंय का तेही मॅडमनी शांतपणे विचारून घेतलं. नंतर मला म्हणाल्या, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळं होतं. तीन महिन्यांच्या वर चाललेलं दुखणं हा स्वतःच एक आजार धरतात, आणि अशा पेशंटमध्ये आत्महत्येचा धोका साधारण दुप्पट असल्याचं अभ्यासात दिसलंय. दुखण्याने झोप जाते, झोप गेली की मन खचतं, खचलेल्या मनाला तेच दुखणं जास्त लागतं, त्यात आपण घरच्यांना ओझं झालोय असं वाटायला लागतं.

रात्रीची जी गोळी दिली ती मुळात डिप्रेशनची, कमी डोसमध्ये नसेच्या दुखण्यालाही देतात, हे आधीच सांगितलं ते बरं केलं, नाहीतर केमिस्टकडे दचकलो असतो. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात ठेवायला लावला, आणि काउन्सेलर ताईंकडे चार वेळा बोलावलं.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण पंखा एकवर चालतो, भजन परत सुरू झालंय, आणि पहाटे जाग आली की "अगं, उठतेस का" म्हणून हाक मारतात, मग आम्ही दोघी चहा घेऊन गॅलरीत बसतो.

तक्रारी आहेतच. अपॉइंटमेंट असून दीड तास थांबावं लागतं, तेही कडक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, दुखणाऱ्या माणसांना! काउन्सेलर आठवड्यातून दोनच दिवस असतात. पार्किंग नाहीच, वनाजकडून येत असाल तर सरळ मेट्रोने या.

रात्री-अपरात्री क्लिनिक बंद असतं तेव्हासाठी मॅडमनी टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलतात. आम्ही तो मोठ्या आकड्यांत लिहून फ्रिजवर लावलाय, सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसेल असा.