26,000 चा किंगस्नेक, आणि पेटीत निघाला कवड्या

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. 47,900 रुपये. त्यातले 39,550 सरळ साप विकणाऱ्या माणसाच्या खिशात गेले, बाकीचे मी पेटी, हीट मॅट आणि गोठवलेल्या उंदरांवर घातले. एवढं करून माझ्या घरात 51 दिवस काय होतं, तर आपल्याच माळावर दगड उचलला की फुकट दिसणारा पट्टेरी कवड्या साप.

हो, साप विकत घेतला. बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात राहून. शिराळ्याच्या नागपंचमीची गर्दी मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघितलीय, आणि पुढे कोर्टाने जिवंत नागांना मनाई केली त्यावर आमच्या सोप्यात झालेली भांडणंही ऐकलीत. त्यामुळे देशी साप पाळता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच तर परदेशी घेत होतो. कायदा मोडायचा नाही, हाच तर माझा हट्ट होता.

आणि अभ्यास न करता उडी मारली असंही नाही. तीन महिने रोज रात्री वाचत होतो. कॅलिफोर्निया किंगस्नेक उत्तर अमेरिकेतला, बिनविषारी, विळखा घालून भक्ष्य मारणारा. दुसरे साप खातो, रॅटलस्नेकचं विषसुद्धा त्याला फारसं बाधत नाही, म्हणून नावात किंग. म्हणूनच एका पेटीत दोन कधी ठेवायचे नाहीत, एक दुसऱ्याला गिळतो. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे पोरगं कॉलेज संपवून नोकरीला लागलं तरी साप घरातच. पेटीची एक बाजू 29-30 अंश गरम, दुसरी गार, दोन्हीकडे लपायला जागा, पाण्याचं भांडं, आणि झाकणाला कडी, कारण हा पळण्यात पटाईत. सगळं पाठ होतं. खरेदीच्या वेळी काय बघायचं तेही: डोळे स्वच्छ हवेत, जुनी कात चिकटलेली नको, खवल्यांत गोचिडी नकोत, नाकातोंडाशी बुडबुडे नकोत, आणि आपल्यासमोर त्याने खाल्लं पाहिजे.

आपल्यासमोर. हा शब्द अधोरेखित करा.

इन्स्टावरच्या एका पेजवर हा माणूस भेटला. पुण्याचा म्हणत होता, बोलायला लाघवी, दर वाक्याला दादा. भाव 26,000. मी म्हटलं, खाताना दाखव, व्हिडिओ कॉल कर. तो म्हणाला, फार्मवर रेंज नाही, रेकॉर्ड करून पाठवतो. आला व्हिडिओ. अंगठ्याएवढा जाड, काळाकुळकुळीत साप, मानेपासून शेपटीपर्यंत दुधासारखे पट्टे, पिंकी म्हणजे उंदराचं पिल्लू सपकन धरतोय. मागे पेटीला लावलेला थर्मामीटर. त्यावर आकडा 84.

इथे मला कळायला हवं होतं. इथेच. सांगलीत ताप सोडून दुसरं काय आपण फॅरनहाइटमध्ये मोजतो? पुण्यात तरी कोण मोजतं? 84 म्हटल्यावर हा व्हिडिओ अमेरिकेतल्या कुणाचा तरी उचललेला आहे, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मला काय सुचलं? मी मोबाईलवर हिशेब मांडला, 84 चे सेल्सिअस केले, 29 आले, आणि खूश झालो की वा, माणूस तापमान अगदी बरोबर ठेवतो! बायकोला दाखवलंसुद्धा. वाचलं नसतं तर तो 84 मला खटकला तरी असता. वाचलं होतं म्हणून पटला.

28 जानेवारीला टोकन 5,000. मग सरकारी नोंदणीचा कागद म्हणून 4,200. कागदावर राजमुद्रा, शिक्का, सही, सगळं. जनावराच्या शास्त्रीय नावाच्या रकान्यात 'ऑफिओफॅगस हॅना' लिहिलेलं. ते नागराजाचं, म्हणजे किंग कोब्राचं नाव आहे, हे मला दोन महिन्यांनी कळलं. मी तो कागद लॅमिनेट करून कपाटात ठेवला होता. सरकारी फी कुणाच्या खाजगी फोनपे नंबरवर जात नाही हो! मग उरलेले 21,000. मग गाडीभाडं 1,850.

6 फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला विश्रामबागला ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने मिठाईचा डबा हातात दिला. भोकं पाडलेला. आत पेन्सिलीएवढा साप. पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "दादा, हे पिल्लू आहे, कात टाकली की रंग फुटतो."

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर 14 वर्षं दिवाणजी आहे. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. पॉलिशनंतर रंग फुटेल म्हणणारे रोज दहा येतात आणि रोज दहा परत जातात. तेच वाक्य सापाबद्दल ऐकलं आणि मी "बरं बरं" म्हणालो.

पेटी 4,600, थर्मोस्टॅटसकट हीट मॅट 3,150, दहा पिंक्या 600. मॅट महिनाभरच चालली, मार्च लागल्यावर सांगलीत साप तापवायला वीज जाळावी लागत नाही. नवीन जनावराला आठवडाभर हात लावायचा नाही, खायलाही घालायचं नाही, हा नियम मी पाळला. मग पिंकी दिली. बघितली नाही. पाच दिवसांनी परत, परत नाही. किंगस्नेक म्हणजे खादाड, समोर येईल ते गिळणारा, असं सगळीकडे लिहिलेलं, आणि आमचा हा उपोषणाला बसलेला. मध्येच हातात घेतला तर चावायचाही. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात मी तो दिला होता, उघड्या हातात. हे लिहिताना आत्ताही पोटात गोळा येतो.

त्या माणसाला चौथ्यांदा फोन केला तेव्हा म्हणाला, जनावर स्ट्रेसमध्ये आहे, बदलून देतो, 7,500 डिपॉझिट टाका, जुना परत आला की मिळतील. 20 मार्चला टाकले. शिव्या घाला, टाकले. 32,050 अडकलेत म्हटल्यावर 7,500 ची भीती वाटत नाही. 27 तारखेला ब्लॉक.

29 ला एका सर्पमित्राला घरी बोलावलं. त्याने झाकण उघडलं आणि तिथेच हसला. "भाऊ, पट्टेरी कवड्या. पिंकी कसली खातोय, हा पाली खातो." तेव्हा पोरगं रडत कबूल झालं की तो गुपचूप भिंतीवरच्या पाली पकडून पेटीत टाकत होता. म्हणून साप जगला! मग सर्पमित्र गंभीर झाला. म्हणाला, नशीब समजा मण्यार नव्हती. काळ्या अंगावर पांढरे पट्टे तिलाही असतात, पण तिचे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे फिके, बरोबर उलटे, आणि पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. मण्यार चावली तर कित्येकदा दुखतही नाही, माणूस झोपेतच जातो. बायको ते ऐकून स्वयंपाकघरात गेली ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि ओळखीचं हे वाचून कुणी साप हातात घेऊ नका. 1926 वर वनखात्याला फोन करा.

मी केला. साप बरणीत घालून कार्यालयातही गेलो. साहेब फिरतीवर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण तुमचा भाग आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या दिवशी साप घेतला, पंचनामा केला आणि जबाब लिहायला बसवलं मलाच! विकणारा तसाच विकत घेणाराही गुन्हेगार, वन्यजीव कायदा 1972 चा आहे, माहीत नव्हतं ही सबब चालत नाही. अहो, मी परदेशी समजून घेतला, हा कागद बघा! कागद बघून तिघे हसले. ज्याने रानातून साप धरून डब्यात भरला त्याचा नंबर, त्याचा यूपीआय, त्याचा आवाज, सगळं माझ्या मोबाईलमध्ये होतं. कुणी मागितलंसुद्धा नाही.

पोलिसांकडे वेगळाच तमाशा. ठाण्यात सांगितलं सायबरकडे जा, सायबरला सांगितलं आधी ठाण्यात अर्ज द्या. ठाण्यात अर्ज दिला तर हवालदार शेजारच्याला हाक मारून म्हणतो, "अरे ये, साप घेतलेला माणूस आलाय." तीन टेबलं फिरलो, तीन वेळा तीच गोष्ट सांगितली, तीन वेळा तोच प्रश्न: साप कशाला पाहिजे होता? कुत्रा घेताना फसलो असतो तर हे विचारलं असतं का? बँकेतल्या बाईंनी निदान खुर्ची दिली. पैसे स्वतःच पाठवलेत म्हणाल्या, आता काय करणार. सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण शेवटचा पैसा जाऊन दहा दिवस झाले होते. तुम्ही फसलात तर त्याच तासाला हा नंबर लावा. माझ्यासारखं बायकोला काय सांगू याचा विचार करत आठवडा घालवू नका.

पेटी विकायला काढली, 4,600 ची 1,200 ला मागतात. दिली नाही. सध्या तिच्यात बायकोची सांडगे-कुरडयांची डबडी आहेत, झाकणाला कडी असल्यामुळे मुंग्या लागत नाहीत म्हणते.

परवा भाच्याच्या मोबाईलवरून ते पेज शोधलं. नाव बदललंय. व्हिडिओ तोच, साप तोच, थर्मामीटरवर 84. भाव आता 29,500. खाली कुणीतरी विचारलंय, कोल्हापूरला पाठवता का दादा.