इम्युनिटीच्या नावाखाली गळ्यात मारलेल्या मशरूमच्या कॅप्सूल, रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी नक्की वाचा

सांगली-मिरज भागात परत फ्री बॉडी चेकअपचे कॅम्प सुरू झालेत, कधी मंगल कार्यालयात, कधी कुणाच्या बंगल्याच्या हॉलमध्ये, आणि तिथून आपली वयस्कर माणसं हातात मशरूमच्या कॅप्सूलचे डबे घेऊन घरी येतायत. आमच्या घरी यातून काय झालं ते सगळं लिहितोय. मोठं झालंय, पण घरात कुणाला स्टेंट (हृदयाची नस उघडी ठेवणारी जाळी) टाकलेला असेल, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पूर्ण वाचा, कारण आमच्यावर काय वेळ आली ती दुसऱ्या कुणावर यायला नको.

आमचे अण्णा साखर कारखान्यातून रिटायर झालेत. मिरजेत अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट टाकलाय, त्यानंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज चालू. तब्येत तशी ठणठणीत, पण करोनाच्या वेळी जवळची माणसं गेलेली बघितल्यापासून इम्युनिटी हा शब्द त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. आमच्या लांबच्या पाहुण्यातल्या एका मामांनी नेमकं तेच पकडलं. मामा आधी एलआयसीचं करायचे, आता गळ्यात बिल्ला लावून वेलनेस कोच झालेत. विश्रामबागेत कॅम्प आहे, फुकट आहे, नुसतं चेकअप करून या, काही घ्यायची जबरदस्ती नाही, असं म्हणून अण्णांना गाडीवर बसवून घेऊन गेले.

तिथलं मशीन कसलं असतं ते नीट सांगतो, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा असतो. लॅपटॉपला वायरने जोडलेली एक छोटी पेटी आणि एक स्टीलची दांडी. नाव, वय, उंची, वजन, पुरुष की स्त्री हे टाईप करतात, मग दांडी मुठीत धरायला लावतात, मिनिटभरात स्क्रीनवर रंगीत पट्ट्या पळतात आणि लिव्हर, किडनी, हाडं, मेंदूच्या नसा, व्हिटॅमिन, सगळ्याचा रिपोर्ट छापून बाहेर. याला ते क्वांटम मशीन म्हणतात. रक्ताचा थेंब काढलेला नाही, लघवी तपासलेली नाही, आणि कागदावर लिव्हरमधल्या चरबीचे आकडे, तेही दशांश चिन्हासकट! अण्णांच्या कागदावर 'रोगप्रतिकारशक्ती निर्देशांक' लाल अक्षरात होता. तो लाल रंग बघूनच माणूस अर्धा खचतो. समोरचे कोट घातलेले सर, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत होते पण कार्डवर डिग्री एकही नव्हती, ते गंभीर तोंड करून म्हणाले, काका, आत्ताच लक्ष दिलं नाही तर सहा महिन्यांनी माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

पुढे माझी भाची मुद्दाम त्यांच्या दुसऱ्या एका कॅम्पला गेली. तिथल्या पोराने तिला यादीतलं नाव विचारलं, तिने अण्णांचं सांगितलं, त्याने मान वर न करता अण्णांचीच माहिती उघडली आणि दांडी मात्र तिच्या हातात दिली. कॉलेजला जाणाऱ्या पोरीच्या मुठीत दांडी, आणि कागदावर प्रोस्टेटचा रिपोर्ट आला, बॉर्डरवर आहे म्हणून. तो कागद आम्ही जपून ठेवलाय. मशीन शरीरातलं काहीएक मोजत नाही, जी माहिती टाईप कराल त्यावरून कागद छापतं, एवढं यातून समजून घ्या.

मग माल. रेशी म्हणजे गॅनोडर्मा नावाच्या लाल मशरूमच्या कॅप्सूलचे डबे, त्याच मशरूमची कॉफी, आणि हिमालयातली कीडाजडी (अळीवर उगवणारी बुरशी) म्हणून एक वेगळी बाटली. सगळं मिळून चौदा हजारांच्या वर. आयडी लावली म्हणजे त्यांचे मेंबर झालात तर डिस्काउंट, आणि खाली दोन माणसं जोडली तर तुमच्या कॅप्सूल फुकटात पडतात, असला हिशोब. अण्णांनी पेन्शनचे पैसे दिले. पक्कं बिल नाही, व्हॉट्सॲपवर नुसता ऑर्डरचा फोटो.

प्रोजेक्टरवर दाखवलं काय तर जपानमध्ये कॅन्सरवर सरकारमान्य मशरूम. हे वाचून कुणालाही खरं वाटेल, कारण यात थोडं खरं आहे आणि तेच जास्त वाईट आहे. जपानमध्ये १९७७ मध्ये ज्याला मान्यता मिळाली ते पीएसके नावाचं औषध टर्की टेल या वेगळ्याच मशरूमपासून काढलेलं आहे, रेशीपासून नाही, आणि ते कॅन्सरच्या पेशंटला नेहमीच्या उपचारांच्या जोडीला डॉक्टरच्या देखरेखीत दिलं जायचं. त्याचा या डब्याशी काय संबंध? रेशीबद्दल म्हणाल तर कॉक्रेन नावाची संस्था जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांनी २०१६ मध्ये सांगितलं की कॅन्सरवर मुख्य उपचार म्हणून रेशी द्यावी असा पुरावा नाही. मशरूममधल्या बीटा-ग्लुकन नावाच्या घटकावर संशोधन चालू आहे, ते होऊ दे, त्याला माझा विरोध नाही. पण धडधाकट माणसाने ह्या कॅप्सूल खाल्ल्या म्हणून त्याला आजार होणार नाहीत असं सिद्ध झालेलं नाही. कीडाजडीचंही तसंच, डोंगरातली खरी कीडाजडी किलोला लाखांच्या भावात जाते, बाजारातल्या कॅप्सूलमध्ये असते ती बहुतेक लॅबमध्ये वाढवलेली दुसरी जात. ती वाढवणं गुन्हा नाही, पण हिमालयाचा फोटो लावून विकणं ही सरळ फसवणूक.

कॅप्सूल सुरू झाल्यावर आधी तोंड कोरडं पडायला लागलं, पोट बिघडलं, मग सकाळी तोंड धुताना नाकातून रक्त. आईने घाबरून मामांना फोन केला तर मामा खूश! म्हणाले, अहो वहिनी हे चांगलं लक्षण आहे, बॉडी डिटॉक्स होतीय, इतक्या वर्षांचं ॲलोपॅथीचं विष बाहेर पडतंय, आता थांबवू नका, उलट डोस डबल करा. सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच आहे आणि याच्यासाठीच मी लिहायला बसलोय. बरं वाटलं तर कॅप्सूलचा गुण, त्रास झाला तर तोही कॅप्सूलचाच गुण, मग माणसाने थांबायचं कधी? साइड इफेक्टलाच त्यांनी पुरावा करून टाकलंय. त्यांच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी लिहायचं, अंगावर खाज उठली, जुलाब झाले, चक्कर आली, आणि खाली सगळ्यांचे टाळ्यांचे इमोजी, अभिनंदन सर, रिझल्ट चालू झाला.

अण्णांच्या दंडावर आणि मांडीवर काळेनिळे डाग आले, कुठं धडक लागली नाही, पडलेले नाहीत. आणि मामा म्हणतायत आता रक्त पातळ करायची एक गोळी बंद करून बघा, मशरूम तेच काम नैसर्गिक करतंय. आईने तेवढं ऐकलं नाही, गोळ्यांचा डबा तिच्या ताब्यात असतो. देवाची कृपा, कारण स्टेंटवाल्या माणसाने या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. नंतर शौचाला डांबरासारखं काळं झालं. मी पुण्यात असतो, आईने व्हिडिओ कॉलवर अण्णांचा चेहरा दाखवला, पांढराफटक. रातोरात निघालो आणि सकाळी त्यांना मिरजेला ॲडमिट केलं.

हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं. डॉक्टरांनी चालू असलेली सगळी औषधं विचारली, आईने नेहमीच्या गोळ्या सांगितल्या, मशरूमचं नावच निघालं नाही, कारण मामांनी सांगून ठेवलेलं की हे औषध नाही फूड आहे, डॉक्टरला सांगायची गरज नाही. भाचीने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला तेव्हा डॉक्टरांनी तो हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि पहिलं वाक्य बोलले, हे आजपासून बंद.

त्यांनी समजावलं ते असं की रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की रक्त गोठतं, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ते चिकटणं कमी करतात, आणि रेशीमुळेही तोच परिणाम वाढू शकतो. तीन गोष्टी एका दिशेने ओढायला लागल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो. शंभर टक्के याच्यामुळेच झालं असं लिहून देता येणार नाही, नुसत्या त्या दोन गोळ्यांनीही पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण आधी कधी काही नाही, कॅप्सूल सुरू झाल्यावर चालू झालं आणि बंद केल्यावर डाग आणि नाकातलं रक्त दोन्ही थांबलं. पोटाची ट्रीटमेंट झाली, एक बाटली रक्त चढवावं लागलं, अण्णा घरी आले.

डॉक्टरांनी आणखी जे सांगितलं ते पण लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. वॉरफरिन किंवा तसली रक्त पातळ करणारी गोळी असेल तर रेशीपासून लांब राहायचं. शुगर किंवा बीपीची गोळी चालू असेल तर शुगर, बीपी जास्तच खाली जाऊ शकतं. ऑपरेशन ठरलं असेल तर असली सप्लिमेंट निदान दोन आठवडे आधी बंद करायची, सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगायचं. किडनी बदललेले, किंवा आमवात, सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घेणारे यांनी तर इम्युनिटी वाढवतो म्हणणाऱ्या कुठल्याच डब्याला हात लावायचा नाही, कारण औषध एकीकडे दाबतंय आणि हे दुसरीकडे उचकवायचं. रेशीच्या पावडरीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायलंडमध्ये तर एक पेशंट दगावल्याची नोंद आहे. चागा नावाचं अजून एक मशरूम येतं, त्यात ऑक्झलेट नावाचा किडनीला त्रास देणारा घटक भरपूर, ते जास्त दिवस घेऊन किडनी गेल्याच्या केसेस आहेत. आणि भाजीतली धिंगरी किंवा बटण मशरूम शिजवून खायला काही हरकत नाही, तो विषय वेगळा, उगाच घाबरू नका.

आता डब्यात होतं काय? माझी बहीण हायस्कूलला सायन्स शिकवते. तिने कॅप्सूल फोडून पावडर जिभेला लावली तर कडूपणा नावाला नाही, आणि रेशी तर चांगलीच कडू असते. मग तिने पांढऱ्या बशीत थोडी पावडर घेऊन त्याच्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकले, आपण शाळेत बटाट्यावर टाकायचो तसं. पावडर बघता बघता काळीनिळी झाली. म्हणजे स्टार्च. खऱ्या रेशीच्या फळात स्टार्च जवळजवळ नसतो, म्हणजे एकतर तांदूळ नाहीतर दुसऱ्या धान्यावर बुरशी वाढवून धान्यासकट दळलेलं, नाहीतर सरळ पीठ मिसळलेलं. बाहेरच्या देशात सगळं चोख असतं असंही समजू नका, २०१७ मध्ये अमेरिकेतली रेशीची १९ सप्लिमेंट तपासली तेव्हा त्यातली फक्त ५ लेबलप्रमाणे निघाली होती. मला राग याचा येतो की डब्यात नक्की किती रेशी, किती पीठ, आणखी काय, हे कुणालाच माहीत नाही, आणि ते हृदयाच्या पेशंटला डबल डोसने दिलं जातंय.

डबा हातात घेऊन एकदा नीट वाचा. चौदा आकडी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नंबर असेल तर ते कायद्याने खाद्यपदार्थ आहे, औषध नाही, आणि हेल्थ सप्लिमेंटवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. आमच्या डब्यावरही छापलेलं होतं, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. तोंडाने कॅन्सर, शुगर, हार्ट सगळं बरं होतं म्हणायचं आणि डब्यावर उलटं छापून आपले हात मोकळे. डायबेटिस, कॅन्सर, हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग (दुकानाशिवाय माणसांमार्फत माल विकणं) नियमांप्रमाणे पिरॅमिड स्कीम, म्हणजे खाली माणसं जोडून पैसे मिळवायची साखळी, चालवता येत नाही आणि कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. मामांना हे विचारलं तर म्हणाले, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला निगेटिव्हच दिसतं. त्यानंतर अण्णांना ग्रुपमधून काढून टाकलं.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. त्यानंतर ज्यांचा फोन कधी लागत नव्हता त्या कोटवाल्या सरांचा स्वतःहून फोन आला, आवाज एकदम मऊ, घरातली गोष्ट घरात मिटवू म्हणाले. न फोडलेल्या डब्यांचे पैसे परत दिले. फोडलेल्यांचे नाही, आणि हॉस्पिटलच्या बिलाचा आमचा काय संबंध म्हणाले. म्हणून आता सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्यामुळे आता कुठं कोर्टकचेरी करायची म्हणून सोडून देऊ नका. कॅप्सूलचा त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी हेल्पलाइनवर तुम्ही स्वतः कळवू शकता, डॉक्टरच असायला पाहिजे असं नाही.

वकिलांनी आमच्याकडे पहिलं मागितलं ते पैसे पाठवल्याचा पुरावा, डबा झाकणासकट, मशीनचे रिपोर्ट आणि मामांचे व्हॉइस मेसेज. डोस डबल करा हा मेसेज आईच्या मोबाईलमध्ये तसाच होता, जागा भरली म्हणून ती डिलीट करणार होती तेवढ्यात भाचीने थांबवलं. तुमच्याकडे असल्या कॅम्पचं काही असेल, रिपोर्ट, डबे, चॅट, तर फेकू नका, चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. आणि कॅप्सूल आत्ता चालू असतील तर पहिलं डबा घेऊन आपल्या डॉक्टरकडे जा, तक्रारीचं नंतर बघता येतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका, मग सांगणारा पाहुण्यातला असो नाहीतर कोणी असो.